डाव्या हातापुरती एक बाही

पडद्यावर आत्ता जे धुके दिसते आहे, ते 8 नोव्हेंबर 2020 च्या दुपारचे आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन या बंदरातून वाँदे ग्लोब ही शिडाच्या बोटींची शर्यत सुटायची होती आणि धुक्याने तिला तासाभराहून अधिक काळ थोपवून धरले होते. एरवी बंदराच्या या अरुंद कालव्याच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी टाळेबंदीमुळे काठ मोकळे होते. 33 बोटी आणि प्रत्येक बोटीवर एकच माणूस. वाटेत कोठे थांबायचे नाही, कोणाची मदत घ्यायची नाही, आणि केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप लीउविन व केप हॉर्न ही तिन्ही टोके डावीकडे टाकत जगाला वळसा घालून याच बंदरात परतायचे. अंतर 24 हजार सागरी मैलांहून अधिक.

या तेहतिसांपैकी एका बोटीवर, 'ग्रूप आपिसिल'वर, दामियँ सेगँ आहेत. त्यांच्या डाव्या हाताला पंजा नाही. तो अपघातात गेलेला नाही. 1979 मध्ये आल्प्समधील ब्रियाँसों या गावी ते जन्मले तेच डाव्या पंजाविना. पॅरा क्रीडेच्या वर्गीकरणात हा भेद मानत नाहीत: अवयव शस्त्रक्रियेने काढावा लागलेला असो वा जन्मतःच नसो, गट एकच. भेद पडतो तो सवयीत. ज्याचा हात तिशीत जातो, त्याला दोन हातांची कामे एका हाताने नव्याने शिकावी लागतात. सेगँ यांना मोडायला जुनी सवयच नव्हती.

आता हे दृश्य थोडे संथ करून पाहू. बोटीच्या कॉकपिटमध्ये कमरेएवढ्या उंचीचा एक खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर सायकलच्या पेडलांसारख्या दोन मुठी आहेत. फ्रेंच खलाशी याला 'कॉफीचे जाते' म्हणतात. दोन्ही हातांनी या मुठी गरागरा फिरवल्या की खालची दंतचक्रे विंचला, म्हणजे दोर गुंडाळून घेणाऱ्या रिळाला, फिरवतात, आणि एरवी माणसाच्या ताकदीला जुमानणार नाही असा ताणलेला दोर वीत-वीत आत येऊ लागतो. शीड वर चढवणे, वारा वाढला की त्याचा खालचा भाग गुंडाळून ते लहान करणे, वाऱ्याने दिशा बदलली की ते ओढून पुन्हा बसवणे, ही सगळी कामे याच जात्यावर दळली जातात, आणि तीही दिवसातून किती वेळा, हे वाऱ्याच्या मर्जीवर असते. एका हाताने जाते फिरते, नाही असे नाही; पण जोर निम्मा पडतो आणि एकच खांदा भरून येतो. म्हणून सेगँ यांच्या बोटीवर डाव्या मुठीला एक बाही बसवलेली आहे, त्यांच्या कोपराखालच्या हाताच्या मापाची. हात तिच्यात गेला की पाठ आणि दोन्ही खांदे एकदमच कामाला लागतात. पाहा: उजव्या हाताने मूठ धरली, डावा बाहीत गेला, आणि जाते सुरू.

बोटीतला सांगण्याजोगा बदल एवढाच. बाकी 18 मीटरांहून थोडी अधिक लांबी, नऊ-दहा मजली इमारतीएवढी डोलकाठी, सगळे इतरांसारखेच. खलाशांमध्ये एक जुना दंडक आहे की एक हात बोटीसाठी ठेवावा आणि एक स्वतःसाठी. ज्याने तो घालून दिला, त्याने दोन हात गृहीत धरले होते. येथे दोर पंजात असताना तोल सावरायला उरतात ते कोपर, खांदा आणि गुडघा. (एकट्याच्या शर्यतीत छायाचित्रकारही खलाशीच असतो, त्यामुळे सर्वांत वाईट रात्रींचे चित्रण कोणाकडेच फारसे नसते; आपल्याकडेही नाही.)

सेगँ यांचे बालपण कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप या फ्रेंच बेटावर गेले. फ्रान्समधील सँ-मालोहून सुटणारी, दर चार वर्षांनी होणारी रूत द्यु रोम ही एकट्या खलाशांची शर्यत याच बेटावर येऊन संपते. स्पर्धेच्या मैदानात मात्र त्यांचे नाव झाले ते अगदी लहान बोटीवर. ही तिची जुनी दृश्ये. वर्गाचे नाव 'टू पॉइंट फोर'. 2.4 हा आकडा बोटीच्या लांबीचा नव्हे. लांबी, शिडाचे क्षेत्रफळ वगैरे मापे एका सूत्रात घातली की उत्तर त्याहून अधिक येता कामा नये, असा तो नियम आहे. प्रत्यक्ष लांबी साधारण 4.2 मीटर, वजन सुमारे 260 किलो, आणि त्यातला मोठा वाटा तळाशी असलेल्या शिशाचा. खलाशी आत तोंड पुढे करून बसतो, छातीपर्यंत बोटीतच बुडालेला, आणि सगळे दोर त्याच्या पुढ्यात आणून ठेवलेले असतात. सुकाणू हाताने किंवा पायाने चालवता येते. बोटीवर इकडून तिकडे उड्या मारायच्याच नसल्यामुळे ज्याला पाय नाहीत आणि ज्याला सगळे अवयव आहेत, ते दोघे एकाच रेषेवरून सुटू शकतात. या वर्गाच्या खुल्या शर्यतींत तसे ते सुटतातही. अपंगांसाठी वेगळी, सोपी बोट असा हा प्रकार नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे, कारण बातम्यांत नेमके तेवढेच गळते.

याच बोटीवर सेगँ यांनी 2004 मध्ये अथेन्स पॅरालिंपिकचे सुवर्णपदक आणि 2008 मध्ये रौप्यपदक मिळवले. 2012 मध्ये लंडनच्या उद्घाटन सोहळ्यात फ्रान्सचा ध्वज त्यांच्या हाती होता, त्या वेळी पदक मात्र हुकले. 2016 मध्ये रिओच्या ग्वानाबारा उपसागरात पुन्हा सुवर्ण.

या दोन सुवर्णपदकांच्या मध्ये एक नकार आहे, आणि त्याचे चित्रण अर्थातच नाही. अथेन्सनंतर वर्षभरातच, 2005 मध्ये, फ्रान्समधील एकट्या खलाशांच्या एका नामांकित शर्यतीसाठी त्यांनी अर्ज केला, आणि एक हात नसल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वर्षी त्यांनी संस्था काढली, तिचे नाव 'दे पिये ए दे मँ', म्हणजे शब्दशः 'पाय आणि हात'. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचाराचा तुकडा आहे. काही मिळवण्यासाठी आटापिटा करणाऱ्याबद्दल तो वापरतात. आपण 'हातपाय मारणे' म्हणतो, जवळपास तेच. हात नसलेल्या माणसाने हे नाव निवडावे, यात विनोद आहे आणि थोडा टोमणाही असावा. अपंग आणि धडधाकट खलाशांना एका बोटीवर आणणे हे या संस्थेचे काम. सेगँ यांनी असा मिश्र ताफा घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यालगतची शर्यतही लढवली. 2010 पासून ते रूत द्यु रोममध्ये उतरू लागले, आणि लहानपणाच्या बेटावर समुद्रामार्गे येऊन पोहोचले.

रिओनंतर नौकानयन पॅरालिंपिकमधून वगळले गेले आणि अजून परतलेले नाही.

आणि आता पुन्हा वाँदे ग्लोब. त्यांची बोट 2008 च्या बांधणीची होती. आघाडीच्या नव्या बोटींना फॉइल, म्हणजे बोटीला पाण्याबाहेर उचलून धरणारी वाकडी पाती, होती. यांच्याकडे जुनी सरळ पाती. आठवड्यांमागून आठवडे जात्यावर दळणे चालूच होते. 28 जानेवारी 2021 रोजी दुपारी त्यांनी रेषा ओलांडली: 80 दिवस, 21 तास, 58 मिनिटे. वाटेत बोट बुडालेल्या एका स्पर्धकाच्या शोधकार्यात गेलेल्या खलाशांना वेळेची भरपाई मिळाल्यावर त्यांचा अधिकृत क्रमांक सातवा लागला. फॉइल नसलेल्या बोटींत रेषेवर पहिली आलेली बोट त्यांचीच. त्यांच्यामागून इटलीचे ज्यांकार्लो पेदोते 44 मिनिटांनी आले, आणि जगप्रदक्षिणेनंतर 44 मिनिटे म्हणजे काय, हे या बंदरातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

शेवटची ही दृश्ये 10 नोव्हेंबर 2024 ची. या वेळी बोटी 40 आहेत आणि काठ माणसांनी भरून गेले आहेत. 'ग्रूप आपिसिल' हे नाव असलेली बोट कालव्यातून बाहेर पडते आहे. तिच्यावरचे सेगँ काठाकडे पाहून उजवा हात हलवतात, आणि मग दोरांकडे वळतात.