सापडलं नाही म्हणे!

या या, पुढे जागा आहे, पुढे बसलात म्हणून कुणाला प्रश्न विचारणार नाही. विषय दिलाय पाण्यातल्या तणनाशकांचं मोजमाप आणि विघटन, तिकडे येतोच, पण आधी मला बाटलीबद्दल बोलू द्या.

उसाची लागण झाली की तण उगवायच्या आत अ‍ॅट्राझिन मारतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. तर एका गावाला विहिरीच्या पाण्याची शंका आली, पाणी लॅबला पाठवलं. कशातून? कोल्ड्रिंकच्या बाटलीतून! ती दिवसभर स्कूटरच्या डिकीत, मग एसटीनं पार्सल, आणि लॅबवाल्यांनीही निमूट ठेवून घेतली, फी घेतली आणि रिपोर्ट दिला, अ‍ॅट्राझिन सापडलं नाही. गावात पेढे वाटायचेच बाकी होते. मी कागद उलटसुलट करून पाहिला, लॅबच्या मशीनला कमीत कमी किती दिसतं ते कुठेच लिहिलेलं नाही. आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, युरोपात कुठल्याही एका कीटकनाशकाला किंवा तणनाशकाला ०.१. मशीनला १० च्या खालचं दिसतच नसेल तर रातांधळ्याला राखणीला बसवून चोर आलाच नाही म्हणण्यातला प्रकार झाला की हो! बरं, २ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, तर एक किलो अ‍ॅट्राझिन त्या मर्यादेत आणायला ५० कोटी लिटर पाणी लागतं. मागे कुणीतरी मोबाइलवर हिशोब करतंय, करा करा, तेवढंच येईल.

बाटली हवी तपकिरी काचेची, स्वच्छ, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवायची. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक शोधायचं असेल तर मात्र प्लास्टिकची, कारण ते काचेला चिकटतं. शिवाय त्याची टेस्ट वेगळी मागावी लागते, शंभर औषधांची एकत्र टेस्ट केली तरी त्यात ते सहसा नसतंच.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मग विघटन पळत पळत.

अ‍ॅट्राझिन मोडतं म्हणजे नाहीसं होत नाही. मातीतले जिवाणू त्याची एक शेपटी तोडतात, उरतं ते डिइथाइल-अ‍ॅट्राझिन, ते मातीला आणखी कमी चिकटतं आणि झिरपून विहिरीत उतरतं. दुसरा तुकडा हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझिन, तो बराचसा मातीतच धरला जातो. म्हणून नुसतं मूळ औषध मोजू नका, तुकडेही मोजा. तुकडा जास्त आणि मूळ कमी असेल तर पाणी मातीतून सावकाश आलंय, उलटं असेल तर पावसानं शेतातून थेट वाहून आणलंय, साधारण असं धरतात. जर्मनीत १९९१ मध्ये अ‍ॅट्राझिनवर बंदी आली, तरी पुढे कित्येक वर्षं भूजलात मूळ औषध आणि डिइथाइल-अ‍ॅट्राझिन दोन्ही सापडत राहिले, कारण त्यांना मोडायला जमिनीखाली ना ऊन ना फारसे जिवाणू. ग्लायफोसेटचा तुकडा अ‍ॅम्पा, पण तो डिटर्जंटमधल्या फॉस्फोनेटपासूनही होतो, त्यामुळे शहर ओलांडून पुढे गेलेल्या नदीत तो सापडला की लगेच शेतकऱ्याच्या नावानं खडे फोडू नका.

आणि नमुना फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात घ्या, उन्हाळ्यात नको. झालं, अध्यक्ष उभेच राहिले, बाकीचं चहा घेताना.