हरवलेला एक व्होल्ट

(दृश्य: टेबलावर छोटी स्टेपर मोटर, तिचं ड्रायव्हर बोर्ड आणि मल्टिमीटर)

ही २८बीवायजे-४८, ५ व्होल्टची स्टेपर मोटर. तिच्या लाल तारेवर पूर्ण ५ व्होल्ट येतायत. पण मोटर एका स्टेपवर थांबवून चालू कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावला, की आकडा ४.१ च्या आसपास रेंगाळतो. उरलेला जवळजवळ एक व्होल्ट शेजारच्या यूएलएन २००३ चिपमध्ये खर्च होतोय. चिप खराब नाही. तिच्या आत सात डार्लिंग्टन जोड्या आहेत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन-दोन ट्रान्झिस्टरच्या जोड्या, आणि स्विच म्हणून वापरली की ही जोडी अशीच वागते.

(दृश्य: जुन्या पेटंटमधली आकृती)

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सिडनी डार्लिंग्टन यांनी ही जोडणी मांडली. पेटंट मिळालं डिसेंबर १९५३ मध्ये. ट्रान्झिस्टरला तीन टोकं असतात: बेसला थोडा करंट दिला, की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहतो. कल्पना विलक्षण सुटसुटीत आहे: पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर थेट दुसऱ्याच्या बेसला, आणि दोघांचे कलेक्टर एकत्र. दोघांच्या गेनचा, म्हणजे बेसचा करंट किती पट होतो त्या आकड्यांचा, जवळजवळ गुणाकार होतो. म्हणूनच मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून निघणारे काही मिलिअँपिअर अख्खी मोटर चालवू शकतात.

मग तो व्होल्ट जातो कुठे?

(दृश्य: सर्किटची आकृती, एकत्र जोडलेले कलेक्टर ठळक होतात)

उत्तर त्या एकत्र जोडलेल्या कलेक्टरमध्ये आहे. दुसरा ट्रान्झिस्टर चालू राहायला त्याच्या बेसवर साधारण ०.७ व्होल्ट हवेत. तिथला बहुतेक करंट पहिला ट्रान्झिस्टर पुरवतो, आणि तो घेतो याच सामाईक कलेक्टरवरून. आता कलेक्टरचा व्होल्टेज ०.७ च्या खाली घसरू लागला, तर पहिल्याला पुढे ढकलायला काही उरतच नाही. दुसऱ्याचा बेस उपाशी पडतो आणि कलेक्टर पुन्हा वर चढतो. एकटा ट्रान्झिस्टर भरपूर बेस करंट मिळाल्यावर ०.२ व्होल्टपर्यंत खाली येतो. या जोडीतला दुसरा मात्र कधीच सॅच्युरेट, म्हणजे असा पूर्ण चालू, होत नाही. बेसला कितीही करंट द्या.

(दृश्य: टिप १२० जवळून, मागचा धातूचा पत्रा)

करंट वाढला की हे अंगाशी येतं. टिप १२० म्हणजे एकाच तुकड्यात बसवलेली मोठी डार्लिंग्टन जोडी. तिच्यामधून २ अँपिअर जातायत आणि तिच्यावर १ व्होल्ट पडतोय असं धरा. म्हणजे २ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय दर वॉटला तिचं जंक्शन, म्हणजे आतला सिलिकॉनचा भाग, हवेपेक्षा ६२.५ अंशांनी तापतं. खोली ३० अंशांवर असेल तर हिशेब १५५ वर जातो, आणि मर्यादा आहे १५०. डेटाशीट तर ३ अँपिअरला २ व्होल्टपर्यंतची मुभा ठेवते, तीही बेसला १२ मिलिअँपिअर दिल्यावर. गेन हजार आहे म्हणून बेसला जेमतेम करंट देणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी.

बंद होतानाही जोडी रेंगाळते. पहिला ट्रान्झिस्टर बंद झाला, की दुसऱ्याच्या बेसमध्ये साठलेल्या चार्जला बाहेर पडायला वाटच राहत नाही. ती वाट करून द्यायला दुसऱ्याच्या बेस आणि एमिटरमध्ये रेझिस्टर टाकतात. टिप १२० मध्ये तो आतच असतो, साधारण १२० ओहमचा. तरीही वेगवान पीडब्ल्यूएमसाठी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून पॉवर कमीजास्त करण्यासाठी, मी ही जोडी निवडणार नाही.

(दृश्य: रिले बोर्ड, रिले खटकन लागतो)

रिलेसाठी, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचसाठी, मात्र ती आजही उत्तम. १२ व्होल्टच्या रिलेला ११ मिळाले तरी तो बिनतक्रार ओढतो, आणि यूएलएन २००३ मध्ये बेसचे रेझिस्टर आणि कॉइलच्या उलट झटक्यासाठीचे डायोड आधीच बसवलेले असतात. फक्त ९ नंबरची पिन कॉइलच्या पॉझिटिव्ह सप्लायला जोडायची, नाहीतर ते डायोड निरुपयोगी.

पण ३.७ व्होल्टच्या एका सेलवर मोटर चालवायची असेल, तर चौथा हिस्सा जोडीतच जाईल. तिथे लॉजिक लेव्हल मॉसफेट घ्या, म्हणजे गेट या टोकाला कमी व्होल्टेज देऊनही चालू होणारा वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर. आयआरएलझेड४४एनच्या गेटला ५ व्होल्ट दिले, तर २ अँपिअरला त्याच्यावर जेमतेम ०.०५ व्होल्ट पडतो. सेलवरून थेट गेट चालवायचा असेल, तर त्याहून कमी गेट व्होल्टेजला पूर्ण चालू होणारा मॉसफेट शोधावा लागेल.