फिजिक्स कुठलं झेपेल: बोर्ड, सीईटी की जेईई?

दहावीचा निकाल लागला की आपल्या सांगलीत खांबाखांबावर पोरांचे फोटो लागतात, खाली पर्सेंटाइल. आणि घरात एकच विषय, बॅच कुठली? साधं कॉलेज आणि सीईटी (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा), की जेईईची (देशपातळीवरची परीक्षा) इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र? आज फिजिक्सपुरतंच बोलतो. कारण दिवाळीपर्यंत पोरं गळपटतात ती बहुतेक इथंच. मीही गळपटलो होतो, त्यामुळं अनुभवाचे बोल आहेत.

जत्रेत मौत का कुआँ बघितलाय ना? लाकडी भिंतीवरून गरागरा फिरणारी मोटारसायकल. बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकात, रोटेशनल डायनॅमिक्सच्या पहिल्याच धड्यात तो आहे.

बोर्ड म्हणतं, आकृती काढा, बलं दाखवा, किमान वेगाचं सूत्र काढून दाखवा. वजन खाली ओढतंय, घर्षण सावरतंय, भिंतीचा रेटा गाडीला गोल फिरवतोय. पायऱ्या नीट लिहिल्या की मार्क.

सीईटी म्हणते, त्रिज्या 5 मीटर, घर्षणांक 0.5, किमान वेग सांगा. 5 गुणिले गुरुत्वत्वरण 9.8 भागिले 0.5, आले 98. वर्गमूळ 9.9. सेकंदाला 9.9 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 36 किलोमीटर. अवघड काय आहे? काहीच नाही. पण फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद! सूत्र आठवत बसलात की संपलं. एक बरंय, निगेटिव्ह मार्किंग नाही.

आता जेईई मेन. 75 प्रश्न, 180 मिनिटं, प्रश्नाला 2 मिनिटं 24 सेकंद. ऐकायला निवांत वाटतं. पण तिथं भिंत उभी न ठेवता कलती करतील, नाहीतर गाडीचा वेग हळूहळू कमी करून विचारतील, घसरणार कधी? पाठ केलेलं सूत्र तिथं चालत नाही, बलं पहिल्यापासून मांडायची. बरोबर आलं तर 4, चुकलं तर 1 कापला. अ‍ॅडव्हान्स्ड (आयआयटीसाठीची पुढची परीक्षा) तर त्याच्याही पुढं.

आणखी एक गोम आहे, ही प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे एनसीईआरटीत, म्हणजे जेईई ज्यावर चालते त्या केंद्राच्या पुस्तकांत, अकरावीला आहे. आपल्या राज्य बोर्डात हे मुख्यतः बारावीला. त्यामुळं जेईईच्या बॅचमधे सर अकरावीच्या ऑक्टोबरात रोटेशन शिकवत असतात आणि कॉलेजात अजून दुसराच धडा चाललेला असतो. दोन वह्या, दोन वेळापत्रकं. त्यात मेनचा पहिला टप्पा जानेवारीत, आणि मागोमाग बोर्डाची प्रॅक्टिकल.

मग घ्यायचं काय? आधी कॉलेज ठरवा. इथलं वालचंद किंवा कराडचं सरकारी इंजिनिअरिंग डोळ्यांसमोर असेल, तर महाराष्ट्रातल्या पोरांचा रस्ता मुख्यतः सीईटीचा. सीईटीत साधारण 80 टक्के भार बारावीचा, 20 टक्के अकरावीचा. त्यासाठी दोन वर्षं जेईईच्या बॅचमधे मागच्या बाकावर बसून फळा उतरवून घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. एनआयटी किंवा आयआयटी हवी असेल, तर मात्र जेईईला पर्याय नाही. आणि तिथंही बोर्ड सोडून चालत नाही. खुल्या गटाला बारावीत 75 टक्के, नाहीतर बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमधे नाव लागतं.

फी भरायच्या आधी एक करा. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर) अकरावीच्या फिजिक्सचा हा दुसरा धडा, मॅथेमॅटिकल मेथड्स. व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस. आठ दिवस, क्लास नाही, शिकवणारं कुणी नाही, हा एकच धडा घेऊन बसायचं. गणितं चुकणारच, ती मोजू नका. अडलेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी आपणहून परत उघडलंत का, तेवढं बघा. उघडलं असेल तर जेईईचा विचार जरूर करा. पुस्तक तिसऱ्या दिवशीच कपाटात गेलं असेल, तर बोर्ड आणि सीईटी मन लावून करा, त्यात कमीपणा कसला?

आणि आईबाबा, त्या आठ दिवसांत खोलीत डोकावून “झालं का रे?” असं विचारायचं नाही. चहा द्यायचा आणि बाहेर यायचं.