वणवा विझवावा की जळू द्यावा?

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरच्या आसपासच्या पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि दरवर्षी या दिवसांत एक प्रश्न हमखास कानी येतो, की आग जर निसर्गाचाच भाग असेल, तर ती विझवण्याचा एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न वावगा नाही. अमेरिकेत १९३५ पासून दंडकच होता, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आग अशी सतत थोपवल्याने रानात जळण साचत जाते हे पुढे उमगले आणि यलोस्टोन उद्यानात १९७२ पासून विजेने लागलेल्या काही आगी जळू दिल्या जाऊ लागल्या. १९८८ च्या वणव्यांत उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग सापडला, मोठा गदारोळही झाला. पण तिथल्या काही पाइनची शंकूफळे उघडतातच मुळी आगीच्या धगीने, आणि राखेतून नवी रोपे वर आली.

आपल्याकडे वीज पडते ती बहुधा पावसासोबत, आणि वणवा लागतो तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून. मोहाखालचा पाचोळा जाळला की फुले वेचणे सोपे जाते, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि अर्धवट विझलेली विडी तर आहेच. तेव्हा इथे ‘निसर्गावर सोडणे’ म्हणजे खरे तर आगपेटीवर सोडणे होय. सागाचे रोप जळले तरी मुळातून पुन्हा फुटते, हे मान्य. पण दरवर्षी जळणाऱ्या जमिनीत त्याने झाड व्हावे कधी, आणि भुईवरच अंडी घालणाऱ्या रातव्याने जावे कुठे?

तरीही आगीशी ‘लढाई’ हा शब्द मला खटकतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन मजुरांचा जीव गेला. भर दुपारी, वारा फिरलेला असताना, वाळल्या बांबूत माणसे उतरवण्यापेक्षा मागच्या जाळरेषेवर, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, थांबून तिथून वणव्याच्या दिशेने उलटी आग लावावी आणि मधले रान जळू द्यावे, असे माझे मत आहे. अर्थात त्यासाठी ती जाळरेषा हंगामापूर्वीच कापून, जाळून साफ केलेली हवी. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना आता वनरक्षकाच्या मोबाइलवर येते, ही सोय मोठीच. पण ती येते तेव्हा आग लागून चुकलेली असते.

मोहाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली, की पाचोळा जाळण्याचे कारणच उरत नाही. त्या जाळ्या गावात पोहोचायला हव्यात, त्या मात्र फुले गळू लागण्याआधी.