६४१ ने भाग जातो

फळ्यावर एकच संख्या लिहिली आहे : ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर काही. दोनाला दोनानेच गुणत जा, २ चा ३२ वा घात आला की थांबा, १ मिळवा. झाली तयार.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये अशाच संख्यांची रांग मांडली : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. प्रत्येक वेळी २ चा घात अधिक १, आणि घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होणारा. पाचही मूळ संख्या. मग पुढच्याही सगळ्या मूळच, असे त्याला वाटले. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. आपली संख्या रांगेतली सहावी. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवले की ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे.

आता गंमत बघा. २, ३, ५, ७ असे ओळीने भागत गेलात, तर मूळ संख्यांच्या यादीत ६४१ चा नंबर ११६ वा लागतो. म्हणजे चिकाटी असेल तर दोन-तीन दिवसांचे काम. पण ऑयलरने पुढे सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचवा भागाकार, खेळ खलास! फर्मासारख्या माणसाच्या हातून हे निसटावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

भागाकार न करताही खात्री पटते, आणि मला ही वाट जास्त आवडते. ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणजेच ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४१ ने भागल्यावर ६४० ची बाकी उणे १ धरता येते. चौथा घात घ्या, उणे १ चा होतो १. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ घाला. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून २ चा ३२ वा घात घेऊन त्याला उणे चिन्ह लावले, की बाकी १ येते. चिन्ह बदला, १ मिळवा, बाकी शून्य.

आता आपल्या संख्येतून २ वजा करा. उरते ४,२९,४९,६७,२९५, आणि ती आहे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार! जर्मन गणितज्ञ गाऊसचे प्रमेय सांगते, की अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या कंपास-पट्टीने काढता येतो; म्हणून इतक्या बाजूंचाही येतो. बाजूंची संख्या विषम असलेला याहून मोठा, असा काढता येण्याजोगा बहुभुज आजवर माहीत नाही. फर्माचे म्हणणे खरे ठरले असते, तर आपल्या संख्येइतक्या बाजूंचाही आला असता. अर्थात प्रत्यक्ष काढायला कोण बसणार? ६५,५३७ बाजूंच्या रचनेलाच हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने दहा वर्षे घातली होती.