मंग काय व्हयनं?

[दृश्य : सकाळ. फाट्यावर एसटी थांबते. दप्तरं सावरत मुलं-मुली उतरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस.]

अमळनेर तालुक्यातलं हे एक खेडं. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की अकरावीच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी राहतात. आज हजेरी बरी आहे. मी इथे मराठी शिकवते. आज आम्ही एक पुस्तक उलगडायला बसणार आहोत. त्यात काय घडतं ते मुलांना ठाऊक आहे. ते कसं बांधलंय, हे बघायचंय.

एखाद्या मुलीला म्हणावं, वाचलेली गोष्ट सांग. ती उभी राहते आणि न अडखळता सांगते. मग असं झालं, मग तो गेला, मग ती रडली. प्रत्येक 'मग'ला मी फळ्यावर एक रेघ ओढते. गोष्ट संपेपर्यंत फळ्याची एक बाजू रेघांनी भरलेली असते.

यात त्या मुलीचं काही चुकत नाही. गोष्ट ऐकायची तिची सवयच तशी आहे. घरी रात्री अंगणात आजी गोष्ट सांगते, नातवंडं हूं म्हणतात, आजी श्वास घ्यायला थांबली की अहिराणीत प्रश्न येतो, "मंग काय व्हयनं?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. तो ज्याच्या मनात उठत नाही, त्याच्या हाती कादंबरी देऊन उपयोग नाही.

पण या प्रश्नाला एक जोडीदार आहे : "कसामुये?" कशामुळे? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कथा आणि कथानक यांच्यातला फरक याच दोन प्रश्नांवर उभा केला. कथा ऐकणारा 'मग?' विचारतो, कथानक समजून घेणारा 'का?' विचारतो. पहिल्या प्रश्नाला उत्सुकता पुरते. दुसऱ्याला स्मरण लागतं, कारण पन्नासाव्या पानावरच्या 'का'चं उत्तर कधी कधी तिसऱ्या पानावर असतं.

[दृश्य : फळ्यावरच्या रेघा. त्यांच्या शेजारी खडूनं लिहिलेला एकच शब्द : कसामुये?]

मी स्वतः बरीच वर्षं हे शिकवलं नाही. मी उतरवून दिलं. कथानक दहा ओळी, व्यक्तिरेखा दहा ओळी, उत्कर्षबिंदू दोन ओळी. मुलांनी पाठ केलं, गुणही मिळवले. एकदा पेपर तपासताना सलग अनेक उत्तरपत्रिकांत माझंच वाक्य माझ्याच चुकीच्या विशेषणासह समोर आलं आणि मला फार वाईट वाटलं. कादंबरी त्या मुलांनी वाचली होती, पण तिच्याबद्दलचं त्यांचं स्वतःचं एक वाक्यही मी घडू दिलं नव्हतं.

[दृश्य : गावातलं जुनं धाब्याचं घर. कॅमेरा दारातून आत, खांबांवरून वर छताकडे.]

मग एके दिवशी वर्ग इथे आणला. खान्देशातलं हे जुनं धाब्याचं घर. सागाचे खांब, त्यांवर आडवे सर, वर मातीचं छत. मुलांना विचारलं, यातलं काय काढलं तर घर पडेल? सगळ्यांनी खांबांकडे बोट केलं. मग भिंतीतला कोनाडा दाखवला. हा बुजवला तर? "घर नाही पडणार, मॅडम," एक मुलगी म्हणाली, "पण दिवा कुठे ठेवायचा?"

तिच्या त्या वाक्यावर माझं पुढचं सगळं शिकवणं उभं आहे. कादंबरीतली काही प्रकरणं खांब असतात. ती काढली की पुढचं काही उभंच राहत नाही. काही प्रकरणं कोनाडे असतात. ती काढली तर घटना अडत नाहीत, पण उजेड जातो. कोणतं प्रकरण काय आहे हे मुलांनी ठरवायचं, आणि कशामुळे ते पानावर बोट ठेवून सांगायचं. 'मला वाटतं' एवढं पुरत नाही.

[दृश्य : वर्ग. बाकं मागे सरकवलेली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन सुतळ्या ताणलेल्या, एक वर, एक खाली. सुतळ्यांवर कपड्यांचे चिमटे.]

आजचं पुस्तक 'श्यामची आई'. कथा कोकणातली, पण लेखक आमच्या अमळनेरचे मास्तर. साने गुरुजी १९२४ मध्ये इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायला आले आणि १९३० मध्ये स्वातंत्र्यचळवळीसाठी नोकरी सोडून गेले. शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. पुढे १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले, आणि ती अठरा प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यानंतर वर्षभराच्या आत, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग लिहून काढला.

पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. अठरा रविवार समोर बसलेल्या माणसांसाठी बोललेलं ऐकत, टिपत राहिलेला माणूस लगेच पुढच्या वर्षी रात्रींमध्ये सांगितलेलं पुस्तक लिहितो, या दोन गोष्टींत काही नातं असावं असं मला वाटत आलं आहे. हा माझा अंदाज. मुलांनाही मी तो अंदाज म्हणूनच सांगते.

याला कादंबरी म्हणावं की आठवणी, यावर वर्गात दरवर्षी भांडण होतं. मी ते मिटवत नाही.

आता सुतळ्या. खालची सुतळी पुस्तकाची. लेखकानं ज्या क्रमानं सांगितलं, त्या क्रमानं घटनांच्या चिठ्ठ्या. वरची सुतळी काळाची. श्यामच्या आयुष्यात जे आधी घडलं ते आधी, नंतरचं नंतर. दोन्हींकडे चिठ्ठ्या त्याच, जागा वेगळ्या. मग वरची चिठ्ठी आणि खालची तीच चिठ्ठी लाल दोऱ्यानं जोडायची. दोरा सरळ उतरला तर लेखकानं काळाचा क्रम पाळला. तिरपा गेला तर त्यानं ती घटना मुद्दाम हलवली आहे. मुद्दाम हलवली म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते शोधायला हवं.

[दृश्य : जवळून. एका मुलीची बोटं चिमटा उघडतात. चिठ्ठीवर लिहिलंय : 'आश्रम. श्याम सांगायला बसतो.']

ही चिठ्ठी बघा. खालच्या सुतळीवर ती डावीकडे, अगदी पहिली. पुस्तक इथूनच सुरू होतं. पण वरच्या सुतळीवर? सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई केव्हाच गेलेली आहे. म्हणजे ही चिठ्ठी उजवीकडे, सगळ्यांत शेवटी. ती मुलगी दोरा घेऊन खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जाते. या एकट्या चिठ्ठीचा दोरा बाकीच्या सगळ्या दोऱ्यांना छेदून जातो.

वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "म्हणजे आई गेल्याचं आपल्याला आधीच माहीत आहे!"

हो. या पुस्तकात आई जगेल की नाही, हा प्रश्नच नाही. ते ठाऊक असूनही आपण वाचत राहतो आणि शेवटी रडतो. मग पुस्तक आपल्याला कशानं धरून ठेवतं? ज्या मुलाला हे सापडतं त्याला 'रचना' या शब्दाची व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

पहिल्या रात्रीकडे परत जा, मी म्हणते. पहिली रात्र वटसावित्रीच्या व्रताची. आईला ताप येऊन अशक्तपणा आलेला, म्हणून वडाच्या प्रदक्षिणा ती श्यामला घालायला सांगते. बायकांत जायची श्यामला लाज वाटते. या रात्रीतून आपण नेहमी लाजेबद्दलची शिकवण उचलतो आणि पुढे जातो. आज एक मुलगा पान उघडून बोट ठेवतो आणि अहिराणीतच बोलून जातो, "मॅडम, पयलीच रातले माय आजारी शे."

आईचं शेवटचं आजारपण पुस्तकाच्या अखेरीस येतं, पण तिच्या आजाराशी आपली ओळख पहिल्याच रात्री झालेली असते. त्याच्या चिठ्ठीवर मी 'खांब' असं लिहू का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नको, पाया लिहा." पाया हा शब्द मी शिकवला नव्हता.

[दृश्य : फळ्यावर डोंगरासारखी रेघ.]

अशा आराखड्यांची नावं सांगायची राहिली. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली नाटकाची चढण आणि उतरण पाच टप्प्यांत मांडली. त्याच्या कितीतरी शतकं आधी भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. दोन्ही आराखडे नाटकासाठी आहेत. कादंबरीवर ते ठेवून बघावेत, बसतात तिथे बसतात. नाही बसले तर कादंबरी ओढूनताणून डोंगरावर चढवू नये. ही घाई मी चांगल्या चांगल्या शिक्षकांत पाहिली आहे.

त्यासाठी दुसरं पुस्तक ठेवलंय. 'कोसला', १९६३. लेखक भालचंद्र नेमाडे, जन्म १९३८, गाव सांगवी, तालुका यावल. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. निवेदक पांडुरंग सांगवीकर. तो गावातून पुण्याला शिकायला जातो आणि शेवटी गावाला परत येतो. मुलांनी चिठ्ठ्या लावल्या, डोंगर काढायला गेली आणि अडली. चढण कुठली? उत्कर्षबिंदू कुठला? "ह्याला सातपुडा नाही, मॅडम," एक जण म्हणाला. "हे आपल्या काळ्या रानासारखं आहे. चालतच राहायचं." मी तो शब्द न् शब्द वहीत लिहून घेतला.

आणि मग मनीची चिठ्ठी आली. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. ती जाते. ही चिठ्ठी ज्याच्या हातात होती तो मुलगा एरवी फारसा बोलत नाही. त्यानं ती लावली. शेजारची मुलगी पुढची चिठ्ठी घेऊन आली, चिमटा उघडला, तर त्यानं तिचा हात अडवला. खिशातून तीन मोकळे चिमटे काढले आणि मनीच्या पुढे ओळीनं लावले.

"इथे काही लावू नका," तो म्हणाला. "इथे तो काही सांगूच शकत नाही."

मुलगी चिठ्ठी घेऊन तीन चिमटे सोडून पुढे गेली.

[दृश्य : सुतळी. मनीची चिठ्ठी. तीन रिकामे चिमटे. बाहेर एसटीचा हॉर्न. कॅमेरा हलत नाही.]