पहिल्या सभेला जाताना

श्रोतेहो, नमस्कार. श्रावण अगदी कडक पाळणारा गडी गणपती गेले की पुन्हा गुत्त्यावर दिसतो. वर ऐकवतो, "महिनाभर राहिलो ना? मग मला कसलं व्यसन?" घरचे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. कुणी पंढरीची माळ घालतो. माळेनं दारू सुटलेली माणसं आहेत, तिला मी नावं ठेवणार नाही. पण ज्याची शपथ दर खेपेला मोडते, त्याच्यासाठी आज बोलतोय. विषय आहे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या सभा. दारू सोडू पाहणारी माणसं तिथं एकमेकांना आधार देतात.

याची सुरुवात 1935 सालची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातली. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथं आला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एकटाच उभा, आणि पलीकडून बारमधला गलका कानावर येतोय. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. बारकडे वळण्याऐवजी तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले नंबर लावत सुटला. विचारणं एकच, बोलायला कुणी दारुडा मिळेल का? अशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. पुढं 10 जून हा एएचा स्थापनादिन ठरला. आपल्याकडे हे काम 1957 पासून सुरू आहे.

बिल त्या डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. स्वतःचा घोट टळावा म्हणून गेला होता. आजही सभेत नवा माणूस आला की जुन्यांचे चेहरे खुलतात ते यामुळेच. त्याच्याकडे पाहून त्यांना आपले जुने दिवस आठवतात, आणि तीच त्यांची मात्रा. तेव्हा "मी कशाला जाऊन लोकांना त्रास देऊ" असं म्हणत बसू नका. तुमची गरज त्यांनाही आहे.

तिथं होतं काय? बहुधा एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असतो. पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले बाप्ये, एखादा फलक, चहा. एकेक जण नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपली कथा मांडतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्येच कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. आणि आडनाव कुणी विचारत नाही! "कुठले तुम्ही, आडनाव काय" यावरून माणूस जोखणाऱ्या आपल्या मुलखात ही केवढी मोठी सोय आहे. साहेब आणि हमाल एकाच बाकावर बसतात. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात. नव्यानं काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. बाहेरच्यांची देणगी तर ते घेतच नाहीत.

अट एकच, दारू सोडायची इच्छा. आयुष्यभराची शपथ इथं मागत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या. कुणी घसरला तरी दार बंद होत नाही.

सभा शोधताना दोन गोष्टी आधी विचारा. भाषा कुठली, आणि सभा खुली की बंद? खुल्या सभेला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात. बंद सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. पुण्या-मुंबईत पर्याय बरेच आहेत. एक गट रुचला नाही तर दुसऱ्या वारी दुसरा पाहा. कुणी देवाचं फार बोलेल, कुठं एकच जण तासभर बोलेल. तेवढ्यावरून सगळ्यांना फुली मारू नका. आसपास गट नसेल तर ऑनलाइन सभाही भरतात.

एक मात्र बजावून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. हातांना कंप, भास, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. एए हा काही दवाखाना नव्हे. उपचार आणि सभा दोन्ही बरोबरीनं चालू शकतात.

आणि वहिनी, काकू, आई, तुम्ही ऐकताय ना? त्यांना ओढून नेऊ नका, बाटल्याही शोधत बसू नका. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या, वेगळ्या सभा आहेत. ते गेले नाहीत तरी तुम्ही जाऊ शकता. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. फोन फुकट आहे, आणि तो घरातल्या कुणीही लावला तरी चालतो. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, चार, सहा. नमस्कार.